पातळी

फूटपट्टी ओली होती. खालच्या निम्म्यात ओली, वर कोरडी, आणि ओल्या-कोरड्याच्या मध्ये पेन्सिलीनं ओढलेली एक बारीक रेघ… तिच्याखाली आणखी एक. मुलाची, अपूर्वची, शाळेतली पट्टी, एका टोकाला त्यानंच चावलेली. न्हाणीघरातल्या बादलीवर ती आडवी ठेवलेली पाहून सरोजिनीनं ती उचलली. म्हणजे आज सकाळपासूनच ह्यांचं मोजणं सुरू झालं होतं.

"उतरतंय," रमाकांत मागून म्हणाले. "कालच्यापेक्षा खाली आहे."

"आज पाण्याचा दिवस नाही. नळाला तिघऱ्याचं पाणी उद्या येईल."

"उद्यापर्यंत थांबता यायचं नाही," ते म्हणाले—रागानं नाही, नव्या माणसाला समजावून सांगावं तसं—आणि पट्टी तिच्या हातातून अलगद काढून घेतली.

आठवणींतलं नवं आधी जाईल, जुनं उशिरा, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि तसंच झालं होतं. दाणा ओळीतलं हे निवृत्तीनंतरचं घर त्यांच्या मनातून आधी गेलं, मग सुनेचं नाव गेलं, मग ग्वाल्हेरच. आणि हे सगळं ओसरल्यावर तळाशी जे उघडं पडलं ते म्हणजे ते तळं. आयुष्यभराची नोकरी त्यांनी त्या तळ्याकाठी काढली होती. अणुभट्टीत जळून झालेलं इंधन बाहेर काढतात आणि खोल पाण्यात ठेवतात, वर्षानुवर्षं. लग्नानंतर तिनं विचारलं होतं, "जळून झालं म्हणजे संपलंच ना ते?" तेव्हा ते हसले होते. "आपल्या कामापुरतं संपलं. त्याचं स्वतःचं काही संपत नाही. ते आतल्या आत तापतच राहतं. वर पाणी आहे तोवर कुणाला काही नाही. आपण पाण्याकडे बघत बसायचं." तेव्हा तिला ती फार सोपी नोकरी वाटली होती… पाण्याकडे बघत बसायचं.

औषधं संपली होती. खालच्या मजल्यावरच्या गरिमाला त्यांच्यापाशी बसवून ती बाड्यावरच्या औषधांच्या दुकानात निघाली. गरिमा लगेच वर आली, एक हात कमरेवर ठेवून, पाचव्या महिन्याच्या त्या सावध चालीनं. "जा काकू, आरामात या. काकांशी माझी दोस्ती आहे."

ऊन आत्ताच डोळ्यांत टोचत होतं. सराफ्यात एक दुकानदार पायरीसमोर पाणी शिंपडत होता, आणि ते जमिनीला लागताच नाहीसं होत होतं, मागे नुसता वास… ह्या वासानं तिला तिथं नेलं, नको असताना. धरणाकाठची ती अणुभट्टीची वसाहत. अंगणात नुकतंच पाणी मारलेलं, अपूर्व शेजारच्या पोरांत खेळतोय, ती चौथ्या महिन्यातली, वाळत घातलेल्या कुरडया राखत बसलेली—आणि आत फोन वाजतोय. "सरोज, सगळ्या खिडक्या लावून घे. अपूर्वला आत घे. काही विचारू नकोस." बस, एवढंच. तिनं खिडक्या लावल्या. शेजारणींना हाका मारून मुलांना आत घ्यायला सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं. एकजण हसलीसुद्धा. हे दोन दिवसांनी घरी आले. केस ओले, मान घासून घासून लाल झालेली. "पंपाची कटकट होती," म्हणाले, आणि जेवायला बसले. वसाहतीत कुणी काही बोललं नाही. वर्तमानपत्रात काही आलं नाही. आणि पुढच्याच महिन्यात माझी ती मुलगी… मुलगीच होती, नर्सनं सांगितलं.

असं होतं कधीकधी, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कारण असतंच असं नाही. आणि होतही असेल. जगात किती बायकांचं होतं, ज्यांनी अणुभट्टी चित्रातसुद्धा पाहिलेली नाही. हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगत आली होती की त्या वाक्याचे कोपरे झिजून गेले होते. पण तिनं त्यांना कधी विचारलं नाही, त्या दिवशी काय झालं होतं म्हणून. विचारणं म्हणजे आरोप करणं झालं असतं. नंतर विचारू, पुढे विचारू, म्हातारपणी दोघंच असू तेव्हा शांतपणे विचारू… आणि म्हातारपण आलं ते असं. आता दर सकाळी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची तेव्हा मनात एकच असायचं: अजून आहे का ते आत, की आज रात्रीतून तेही गेलं?

औषधाची पिशवी घेऊन ती गल्लीत वळली तर गरिमा बाहेर दारात उभी, ओढणीनं कपाळ टिपत.

"काकू, बरं झालं आलात. काका अचानक उठून खाली माझ्या घरात आले नि खिडक्या लावत सुटले. मी म्हटलं, काका, किती गर्मी आहे, तर सुनतच नाहीत. माझ्याकडे असे बघितले… मला सरोज म्हणाले." तिनं पुन्हा कपाळ टिपलं. "म्हणाले, खिडक्या लावून घे, काही विचारू नकोस. मग वर छतावर निघून गेले. मी माझ्या नवऱ्याला, तरुणला, फोन लावूनच राहिले होते."

सरोजिनीनं जिन्याचा कठडा धरला. तेच शब्द. एवढ्या वर्षांत ते तिच्याखेरीज कुणी ऐकले नव्हते. कधीकधी तर तिला वाटायचं, आपणच रचले असतील. आणि आज ते एका परक्या मुलीच्या तोंडून, तिच्या त्या पोटावर हात ठेवून…

"काही बिघडत नाही गं," ती म्हणाली. "तू आत जाऊन पड. मी बघते."

गच्चीवर पाय ठेववत नव्हता. किल्ल्याचा कडा धुरकट उन्हात अधांतरी दिसत होता. रमाकांत काळ्या टाकीचं झाकण उघडून आत वाकले होते, दोन्ही हात काठावर, अनवाणी. ती "अहो" म्हणणार होती. तिच्या तोंडात तो शब्द आलाही होता. पण "अहो" म्हटलं की ते वळतील, हसतील आणि पंपाची कटकट आहे म्हणतील—बायकोला सांगायचं ते एवढंच असतं.

दिनकरराव म्हणून त्यांचे एक जोडीदार होते, ह्यांच्यानंतरची पाळी नेहमी त्यांची असायची. ते वारल्यालाही बरीच वर्षं झाली.

"आलोय मी," सरोजिनी म्हणाली.

आलोय. जन्मात पहिल्यांदा तिनं स्वतःला असं पुरुषासारखं म्हटलं, आणि जीभ त्या अक्षरावर अडखळलीच. पण त्यांनी मान वळवली नाही. फक्त खांदे किंचित सैल झाले.

"या दिनकरराव. उशीर केलात." आवाज तरुण होता, हेच तिला सोसेना. "तळ्याच्या गेटच्या सीलमधून गळत होतं. पातळी भराभर उतरली. भरायचा पंपही चालेना. शेवटी बंबवाल्यांचे पाइप ओढून आत पाणी सोडलं. आता स्थिर आहे."

"किती उतरलं होतं?"

"खाली दिसायला लागलं होतं…" ते थांबले. "म्हणजे, पाणी होतं वर. पुरेसं होतं. पण मी ते इंधन इतकं जवळून कधी पाहिलं नव्हतं."

"आणि बाहेर?"

"बाहेर काही गेलं नाही. मीटरं नॉर्मल."

नॉर्मल. मागच्या आठवड्यात डॉक्टरांनी झोप कशी लागते विचारलं, तेव्हाही ह्याच सुरात ते म्हणाले होते, सगळं नॉर्मल. इतका आत मुरलेला शब्द—तो खरा म्हणून उरला होता, की फक्त पाठ म्हणून? ह्या माणसाला आता खोटं बोलता येत नव्हतं. पण खरं काय ते तरी ह्याला कुठं उरलं होतं?

"मग घरी फोन का केलात?"

ते आणखी पाण्यावर वाकले. पाण्यात त्यांचा चेहरा, आणि त्यामागे आभाळाचा पांढरा तुकडा.

"पाणी उतरत होतं तेव्हा कुणाला काय ठाऊक होतं हो? मीटरं नंतर बघितली. आधी घाबरलो." मग अगदी हळू, मित्राला सांगावं तसं, "घरी दिवस गेलेत. मुलगी होणार म्हणते ती. नावसुद्धा ठरवून ठेवलंय, मला सांगत नाही. तिला ह्यातलं काही कळू देऊ नका, दिनकरराव. बाळ होईपर्यंत तरी."

खाली रस्त्यावर कुणाची तरी स्कूटर सुरू झाली आणि बंद पडली. पुन्हा सुरू झाली.

तिचा प्रश्न होता तिथेच होता, पण तो आता कुणाला विचारायचा ते तिला कळेना. उत्तर ज्याच्यापाशी होतं त्याच्या घरी अजून काही घडलेलंच नव्हतं. तिथं खिडक्या बंद होत्या, आत ती होती, आणि तिच्या आत ती मुलगी, जिवंत, नाव मिळालेली. इतकी वर्षं तिला वाटत होतं की ह्यांनी तिच्यापासून काहीतरी लपवलं. आता तिच्यापाशी काहीतरी होतं, जे ह्यांना कळता कामा नये.

"घेतला मी चार्ज," ती म्हणाली. ह्या वाक्यात बाई-पुरुष काही नव्हतं. ते सरळ बाहेर पडलं. "तुम्ही जा, पडा जरा."

ते वळले. तिला ओळखलं की नाही, कोण जाणे. निमूटपणे तिच्या हातात हात देऊन जिना उतरू लागले, एकेक पायरी चाचपत. आणि उतरताना तिच्या मनात आलं… हे मागे मागे जात त्या दिवसापाशी येऊन थांबलेत. पण तिथून पुन्हा पुढे चालू लागले तर? एक दिवस, दोन दिवस, महिना… एखाद्या सकाळी उठतील आणि त्या इस्पितळाच्या व्हरांड्यात असतील, आणि मला विचारतील, काय झालं?

मी काय सांगणार होते? तिनं त्यांचा हात घट्ट धरला, जणू आपण हळू उतरलो तर त्या दिवसापासून पुढेही ते सावकाशच जातील.