नऊ ठिपके

पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत लिफ्ट होती. म्हणजे लिफ्टची जागा होती, दार होतं आणि दारावर 'बंद आहे' अशी पाटी होती. पाटी दरवर्षी न चुकता नव्याने रंगवली जायची. त्यामुळे तक्रार विभागातल्या ताई रोज चौसष्ट पायऱ्या चढून तिसऱ्या मजल्यावर यायच्या आणि दहा मिनिटं खुर्चीत डोळे मिटून बसायच्या.

"आल्या आल्या झोप! नशीब लागतं," हेडक्लार्क म्हणायचे. "चेहऱ्यावर तर आजाराचा मागमूस नाही."

ताईंना मल्टिपल स्क्लेरोसिस होता. शरीराचं स्वतःचंच संरक्षण खातं मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं आवरण चुकून कुरतडत बसतं, असा हा आजार. खातं म्हटलं की हे व्हायचंच. दुपारनंतर त्यांचा उजवा पाय ऐकेनासा व्हायचा. थकवा तर असा, की पेनाचं टोपण काढणंही जिवावर यावं. त्यांनी तळमजल्यावर टेबल मागितलं होतं. नाही मिळालं तर महिनाअखेर नोकरी सोडायची, असं घरी सांगूनही झालं होतं.

साहेबांनी अर्जावर शेरा मारला, 'पुरावा जोडावा.' ताईंनी दोन वर्षांचे एमआरआय जोडले.

या कचेरीची एक जुनी सवय होती. गळतीचा नकाशा आला की लाल ठिपके मोजायचे आणि आकडा वर पाठवायचा. मेंदूला तरी वेगळा न्याय का? साहेबांच्या खिडकीच्या काचेवर फिल्म चिकटवून हेडक्लार्कनी पेन्सिलीने आजाराच्या खुणांचे पांढरे ठिपके मोजले.

"गेल्या वर्षी नऊ, यंदाही नऊ. वाढ शून्य!"

"मग ताई, त्रास कसा वाढला?" साहेबांनी अगदी मनापासून विचारलं.

ताई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. "साहेब, समजावून सांगायचंही त्राण उरलं नाही आता. राजीनामा कुणाकडे द्यायचा, तेवढं सांगा."

तेवढ्यात सहीसाठी चावीवाले काका आत आले. शहरातले पाण्याचे व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. ते खिडकीशी थबकले.

"हा कुठला वॉर्ड?"

"काका, ताईंचा मेंदू आहे तो."

"असं होय. गळत्या किती?"

"नऊ."

"कुठे कुठे?"

हेडक्लार्कनी वर पाठवायचा तक्ता चाळला. 'कुठे' हा रकाना तक्त्यात नव्हता.

"साहेब, टेकडीखाली चाळीस ठिपके होते, पण बारक्या नळ्यांवर. एक तक्रार आली नाही. बाजारात एकच ठिपका, पण मोठ्या लाइनीवर. अर्धं शहर बादल्या घेऊन आपल्या दारात! विसरलात? तुम्ही मागच्या दाराने गेला होतात."

साहेब विसरले नव्हते.

"डॉक्टरही तेच म्हणाले," ताई हळूच म्हणाल्या. "माझा मोठा ठिपका मानेत आहे. हातापायांचे सगळे निरोप तिथूनच जातात. ती फिल्म पाकिटातच राहिलीय. आणि काही झीज फिल्मवर दिसतच नाही."

"पाइपही आतून गंजतो, बाहेर थेंब नसतो," काका म्हणाले. "नकाशा हवाच, नाहीतर खणायचं कुठे? पण नळाला पाणी येतंय का, हे घरातल्या माणसालाच विचारावं लागतं. ताईंना विचारलंत कधी?"

अरेरे! आख्ख्या कचेरीने मेंदू मोजला, पण माणसाला कुणीच विचारलं नाही! साहेब उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची ताईंपुढे सरकवली.

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावर ताईंचं टेबल लागलं. हुकूम घेतल्याची सही तिसऱ्या मजल्यावरच्या रजिस्टरात करायची, असा नियम होता. हेडक्लार्क ते जाडजूड रजिस्टर बगलेत मारून धापा टाकत खाली आले.

"चौसष्ट आहेत हो पायऱ्या! मी कधी मोजल्याच नव्हत्या." मग जरा चाचरत त्यांनी विचारलं, "आज कसं वाटतंय, ताई?"

"थकलेय."

"बरं," ते म्हणाले. सल्ला एकही दिला नाही. रजिस्टर उघडलं आणि पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या हातात दिलं.

मंडळी, यंत्र मेंदूच्या आतलं दाखवतं, हे त्याचे उपकारच. पण चौसष्ट पायऱ्यांचा शीण त्यात उमटत नाही. फिल्म जरूर बघा, पण माणसाला विचारा आणि तो सांगेल त्यावर विश्वास ठेवा.

राहता राहिली लिफ्ट. तिच्या दुरुस्तीचा अर्ज साहेबांकडे आहे. पुरावा जोडायचा बाकी आहे.