शनिवारच्या बाटल्या

गुंडेरावांनी फळीवरचं शेवटचं जर्मनचं पातेलं उचललं आणि परसात नेऊन बाकीच्या ढिगावर टाकलं. ज्या ॲल्युमिनियमच्या भांड्यांत तीस वर्षं भात, आमटी, चहा शिजला, ती सगळी लिंबाखाली उताणीपालथी पडली होती. त्यांची बायको नागूबाई प्लास्टरमधला पाय उशीवर ठेवून बाजेवरून हा उद्योग बघत होत्या.

“आता चहा कशात करावं?” त्यांनी विचारलं.

“स्टीलचं आणतो.”

“अन् तवर?”

गुंडेराव आत गेले, रिकामी फळी पुसली, बाहेर आले, पुन्हा आत जाऊन तीच फळी पुसली. इतका कामसू नवरा करजगी गावात कुणी पाहिला नसेल. पण बसलं की कालची डॉक्टरीण आठवायची, म्हणून ते बसतच नव्हते.

न पडता, न ठेचकाळता बाईच्या पायाचं हाड मोडतं कसं, याचा छडा गुलबर्ग्याच्या त्या डॉक्टरणीनं लावला होता. नागूबाई पित्तावर जे गुलाबी औषध पाण्यासारखं पीत होत्या, त्यात ॲल्युमिनियम होतं. अन्नातलं फॉस्फरस ते पोटातच धरून ठेवतं, हाडांपर्यंत पोचू देत नाही. वर्षानुवर्षं असं चाललं की हाडं मऊ पडतात. औषध आजच थांबवा, हाडं हळूहळू सावरतील; नाहीतर उद्या दुसरा पायही मोडेल, असं तिनं दोघांसमोर कन्नडमध्ये बजावलं. एवढं प्यायला कुणी सांगितलं होतं, हेही तिनं विचारलं.

कुणी म्हणजे गुंडेरावांनीच. आठवडाभर गुलबर्ग्याच्या डाळमिलीत नोकरी, शनिवारी घरी, आणि पिशवीत न चुकता त्या दोन-तीन बाटल्या. कुणा डॉक्टरनं कधीकाळी पंधरा दिवसांपुरतं लिहून दिलेलं औषध ते आपल्या मनानं कितीतरी वर्षं आणत राहिले. बायकोचं किती बघतो म्हणून मिलीत चारचौघांत जरा मिरवायचेही. त्यामुळं दवाखान्याबाहेर नागूबाईंनी “काय म्हणली डॉक्टरीण?” असं विचारलं, तेव्हा खरं सांगायची त्यांना लाज वाटली. नागूबाईंचं माहेर उदगीरकडचं. कन्नड त्यांना बाजारापुरतंच येतं, असा गुंडेरावांचा समज होता.

“जर्मनच्या भांड्यानं झालंय म्हणायलीय,” ते म्हणाले होते.

दुपारी शेजारून आलेली भाकरी दोघांनी खाल्ली, गुंडेरावांनी उभ्यानंच. नागूबाईंनी हात पुढं केला.

“कोनाड्यातली बाटली द्या जरा.”

गुंडेराव गेले, बाटली घेतली आणि ती मुठीत धरून तसेच उभे राहिले. संपली म्हणावं, सांडून टाकावी, काय काय मनात येऊन गेलं. मग त्यांची नजर त्या प्लास्टरवर गेली.

“हे पिऊ नको,” ते म्हणाले. “भांड्यानं न्हाई, ह्याच्यानंच झालंय. मी खोटं बोललो.”

“व्हय. ठाऊक हाय मला.”

गुंडेरावांनी बाटली परत कोनाड्यात ठेवली.

“तीस वर्सं हितं काढले मी. शेजारच्या अक्कम्माशी रोज काय उदगीरच्या बोलीत बोलते व्हय? डॉक्टरीण बोलली ते सगळं कळलं.”

“मग मला भांडे काढू दिलीस कामून?”

“तुमचा जीव थाऱ्यावर नव्हता. काही तरी करू द्यावं म्हणलं.”

“अन् आता बाटली मागितलीस ती?”

पदराचं टोक नागूबाईंनी बोटाला गुंडाळलं, सोडलं.

“बघावं म्हणलं, देताव का.”

गुंडेराव बाजेच्या कडेला बसले. आज पहिल्यांदाच बसले. त्यांनी विचारलं, “लई जळजळ व्हायलीय का?”

“जळजळ कुठली? कवाच थांबली ती. दोन-तीन वर्सं झाले.”

“मग पीत कामून व्हतीस?”

“तुम्ही आठवणीनं आणायलाव म्हणून.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “दुसरं काय आणलं कधी तुम्ही?”

येत्या शनिवारी तुझ्या आवडीचं आणतो, असं म्हणायला गुंडेरावांनी तोंड उघडलं. नागूबाई वाट बघत होत्या. तिला काय आवडतं ते त्यांना आठवेना. मग ध्यानात आलं की ते आपल्याला कधी ठाऊकच नव्हतं.