मेपलचं टेबल आणि कॅप्टनचा अर्ज

अहो, जरा कोपर उचला. हां, आता बरं वाटलं. मी टेबल बोलतोय, अग्निशमन केंद्राच्या स्वयंपाकघरातलं, आठ खुर्च्यांचं. लेक सुपीरियर या भल्यामोठ्या सरोवराच्या काठावर एवढं दणकट टेबल दुसरं नाही, हे मी स्वतःच सांगतो, कारण या केंद्रात कुणी कुणाचं कौतुक करत नाही.

माझा जन्म बोलिंग क्लबात झाला. मेपलच्या लाकडाची लांबलचक पट्टी होतो मी तेव्हा. पंचवीस वर्षं लोकांनी माझ्यावरून जड गोळे गडगडवले. क्लब बंद पडला तेव्हा इथल्या जवानांनी मला कापून, रंधा मारून, पाय लावून इथे आणलं. त्याला आता चाळीस वर्षं झाली. गोळ्यांची जागा कॉफीच्या मगांनी घेतली, पण आपटणं काही थांबलं नाही.

चोवीस तासांची पाळी असते इथे. त्यामुळे जेवण, पत्ते, भांडणं, रडणं, सगळं माझ्यावरच होतं. सगळ्यात मोठा नियम आइस्क्रीमचा. पेपरात फोटो आला? आणा आइस्क्रीम. टीव्हीवर दिसलात? आणा. चुकून कुणी बोलून गेला की अमुक काम माझ्यामुळे झालं, तर बाकीचे चमचे घेऊन माझ्यावर ठोकायला लागतात आणि तो गुमान दुकानात जातो. आग एकट्याने विझत नाही, म्हणून फुशारकी मारायची नाही, असा त्यामागचा अर्थ. नियम चांगलाच आहे. पण त्याच नियमाने आमच्या कॅप्टनचा घात केला होता.

कॅप्टन म्हणजे जोलीन हिएटाला. वय चव्वेचाळीस, नोकरीची एकवीस वर्षं, आवाज असा की बंबाचा भोंगा लाजावा. मास्टर्स करायचं तिच्या मनात होतं. विषय आपत्ती व्यवस्थापन, नोकरी करणाऱ्यांसाठीचा ऑनलाइन अभ्यासक्रम, दोन वर्षांचा. आमचे चीफ तीन वर्षांनी निवृत्त होणार आणि त्या जागेसाठी मास्टर्स हवंच, असा नगरपालिकेचा नियम. नाहीतर बाहेरून कुणीतरी येणार, ज्याला इथला बर्फ कधी फुटतो याचा पत्ताही नसेल.

पण खरं कारण मला माहीत होतं. एकदा भांडी पुसता पुसता ती व्हर्नला म्हणाली होती, "मला शिकायचंय रे. नुसतं शिकायचंय. विशीत राहून गेलं ते." व्हर्न लाहती आमच्या बंबाचा ड्रायव्हर. वय एकसष्ट, जीभ तिखट. जोलीन नवीन होती तेव्हा त्यानेच तिला शिडी चढायला शिकवलं. त्यामुळे बाकीचे तिला "कॅप, अहो कॅप" करतात आणि हा खुशाल "अगं" म्हणतो.

गेल्या वर्षी तिने अर्ज केला आणि नकार आला. पत्रात शेवटी एक ओळ होती: तुमच्या निबंधातून तुमच्या तुकडीची छान ओळख झाली, तुमची मात्र झाली नाही. ते पत्र तिने माझ्यावर पालथं ठेवलं आणि त्यावर कॉफीचा मग ठेवला. दोन दिवस कुणी तो मग उचलला नाही. त्या अभ्यासक्रमाला अर्ज दोनदाच करता येतो, म्हणजे आता एकच संधी उरली होती.

यंदाचा शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी पाच. आणि नेमकी त्याच दिवशी तिची पाळी. शिफारसपत्रं पोचली होती, जुन्या गुणपत्रिका पोचल्या होत्या, फॉर्म भरून झाला होता. राहिला होता निबंध. प्रश्न असा: तुम्ही घेतलेल्या एका कठीण निर्णयाबद्दल लिहा.

जेवणं झाल्यावर तिने लॅपटॉप माझ्यावर उघडला. व्हर्न तिच्या खांद्यावरून वाचायला लागला, न विचारता, जसा तो नेहमी वाचतो.

"'फेब्रुवारीत चार मासेमार गोठलेल्या सरोवरावरून सुटलेल्या बर्फाच्या तुकड्यावर वाहून चालले असता आमच्या तुकडीने हेलिकॉप्टरची वाट न पाहता होडी उतरवण्याचा निर्णय घेतला.' कुणी घेतला?"

"आमच्या तुकडीने."

"खोटं! अगं, तुकडी तर नको म्हणत होती. मी स्वतः तुझ्यावर ओरडलो होतो, येडी झालीयेस का म्हणून. वरून वायरलेसवर थांबायचा हुकूम होता. कोण म्हणालं की वाऱ्याने वीस मिनिटांत तुकडा फुटेल?"

जोलीनने पडदा जरा खाली केला.

"कोण म्हणालं?"

"मी. पण व्हर्न, होडी तर तुम्ही सगळ्यांनी ओढली ना! मी एकटीने काय केलं?"

"ओढली आम्ही. पण होडी बुडाली असती तर जबाब कुणी दिला असता? आम्ही? ते लोक होडी कुणी ओढली हे विचारत नाहीयेत, बाई. जीव कुणाचा टांगणीला लागला होता, हे विचारतायत."

ती हट्टाने बसून राहिली. बोटं कळांवर आणि नजर माझ्यावरच्या एका जुन्या डागावर. एकवीस वर्षांची सवय, सुटते थोडीच! मला वाटलं, झालं, हाही निबंध वाया जाणार. बोलता आलं असतं तर मीच ओरडलो असतो.

व्हर्न उठला, फ्रीजरपाशी गेला आणि व्हॅनिलाचा चांगला मोठा डबा आणून माझ्यावर आदळला. "घे. तुझा दंड मी सकाळीच भरलाय. आता काय मारायची ती फुशारकी मार. चमचा ठोकायला कुणी उठला तर गाठ माझ्याशी आहे."

जोलीन हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि ते लपवायला तिने लिहायला सुरुवात केली. काय लिहिलं म्हणता! मासेमारांतला एक जण तिच्या शाळेतल्या मैत्रिणीचा नवरा होता, हे त्यात आलं. चौघे काठावर आल्यावर ती बंबामागे जाऊन ओकली, हे तर आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हर्नने वाचता वाचता खुर्ची ओढली आणि तो तिच्या शेजारी बसला.

सव्वाचारला निबंध झाला. आता फक्त जोडायचा, खाली नाव टाकायचं आणि पाठवायचा.

आणि घंटा झाली.

सॉनाच्या धुराड्याला आग, पाइन रस्ता, घरात म्हातारी एकटी. इथे निम्म्या गावाच्या परसात सॉना, म्हणजे भट्टी पेटवून अंग शेकायची लाकडी खोली, आहे आणि शुक्रवारी तो तापवायचाच असतो. जोलीनने एकदा पडद्याकडे पाहिलं, फक्त एकदा, आणि ती पळाली. अर्ध्या मिनिटात बंब बाहेर.

मी उरलो, लॅपटॉप उरला आणि ते वितळणारं आइस्क्रीम. काय सांगू माझी अवस्था! साडेचार झाले. पडदा काळा झाला. पावणेपाच. चार पाय असून मला जागचं हलता येत नाही, याचं दुःख एवढं कधी झालं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ तर जणू मुद्दाम टिकटिक करत होतं, मेलं.

चार बावन्नला बंबाचा आवाज आला. सगळे एकदम आत घुसले, धुरकट वासाचे, कोळशासारख्या तोंडांचे. म्हातारी सुखरूप होती, उलट येताना तिने यांनाच दरडावलं होतं म्हणे, की बुटांनी गालिचा घाण केलात. जोलीनने लॅपटॉपवर बोट टेकवलं. तो उघडेना. बोटाचा ठसा ओळखेल कसा, बोटावर काजळी इंचभर!

"साबण!" व्हर्न ओरडला. "अरे साबण आणा, बघता काय!"

"पासवर्ड टाका ना, कॅप!"

"तो आठवला असता तर बोट कशाला लावलं असतं मी?"

भांड्यांच्या साबणाने तिचा हात घासला गेला, एकाने घासला, दुसऱ्याने पाणी ओतलं, तिसऱ्याने आपल्याच शर्टाला पुसला. चार छप्पन्न. बोट लागलं, पडदा उजळला. निबंध जागच्या जागी होता. तिने तो जोडला, नाव टाकलं आणि पाठवायच्या बटणावर बोट ठेवून थांबली.

"आता कशाची वाट बघतेस?"

"भीती वाटतेय रे."

"बर्फावर वाटली होती ना? तेव्हा थांबलीस का?"

तिने बटण दाबलं. एक चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि मग ओळ उमटली: तुमचा अर्ज मिळाला. चार अठ्ठावन्न. असा गलका झाला की चीफ वरच्या मजल्यावरून धावत आले, त्यांना वाटलं पुन्हा आग लागली.

सहा आठवड्यांनी उत्तर आलं. सगळे पेस्टी, म्हणजे इथल्या भल्यामोठ्या करंज्या, खात होते, आतल्या बटाट्याची वाफ माझ्यावर पसरली होती. जोलीनने फोनवर वाचलं, परत वाचलं. "घेतलं मला," ती इतक्या हळू म्हणाली की ती तीच का, असं वाटावं. मग तिच्यासकट सात जणांचे चौदा हात माझ्यावर दणादण पडले. लागलं मला, खोटं कशाला बोलू? पण म्हटलं, पडू देत, अजून पडू देत!

सप्टेंबरपासून दर बुधवारी सहाला तिचा वर्ग असतो. पाळी असली की ती माझ्यापाशीच बसते, कानात इयरफोन, पुढ्यात वही. घंटा झाली की वर्ग टाकून पळते, राहिलेलं मागाहून पाहते. केस पांढरे व्हायला लागलेत आणि चेहरा बघावा तर शाळेच्या पहिल्या दिवसाचा!

मी आता म्हातारा झालोय. एक पाय डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठ्याची घडी आहे. पण मोडीत जाण्याआधी एक गोष्ट पाहिली. चाळीस वर्षांत जेवणाच्या वेळी या टेबलावरची जागा कुणी कुणासाठी सोडली नव्हती, चीफसाठीसुद्धा नाही. पहिल्या बुधवारी सहाला पाच कमी असताना व्हर्नने स्वतःची ताटली उचलली आणि तो बाहेर बंबाकडे गेला. मग दुसरा उठला, मग तिसरा. संध्याकाळच्या गारठ्यात, बंबाच्या पायरीवर बसून, बाकीचे सहाही जण जेवले. आणि उठताना व्हर्नने खुर्चीचा आवाज होऊ नये म्हणून ती उचलून ठेवली होती.

तुमच्या घरी कुणी या वयात पुस्तक उघडून बसलं असेल, तर त्यांना नुसतं टेबल मोकळं करून द्या. बाकीचं ते करतील.