दाजींचा हात

"ताई, दाजींना सांग, ठसा सरळ धरा."

दाजी, म्हणजे माझा नवरा योब्स्ट, टाकसाळीतल्या ऐरणीच्या पलीकडे फाइटच्या अगदी समोर बसला होता. तो ठसा धरायचा आणि माझा धाकटा भाऊ फाइट वरून हातोडा घालायचा. मी शेजारच्या चुलीवर नाण्यांच्या कोऱ्या चकत्या खारात उकळून पांढऱ्या करत होते.

"त्याला सांग, सरळच आहे," योब्स्ट मला म्हणाला.

"तुमची तोंडं काय शिवली आहेत?" मी वैतागले. "वर्षानुवर्षं तुमचे निरोप पोचवून माझा घसा सुकला!"

काही वर्षांपूर्वी एका सोमवारी फाइट आदल्या दिवशीची बिअर डोक्यात घेऊनच कामाला आला होता. हातोडा घसरला आणि योब्स्टच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. मुख्य कारागीर धावत आला, तेव्हा फाइट म्हणाला, "दाजींनी हात हलवला." नोकरी जाईल म्हणून घाबरला असेल, ते मला कळतं. पण पुढे गुत्त्यात सगळ्यांसमोर खिदळला, "हेलरवरच्या पंज्याला पाच बोटं, आमच्या दाजींच्या पंज्याला तीनच!" आमच्या शहराच्या हेलरवर, म्हणजे आम्ही पाडतो त्या चांदीच्या नाण्यावर, उघडा पंजा असतो ना, म्हणून. ते योब्स्टच्या जिव्हारी लागलं.

तरी दुसऱ्या कुणाच्या हातोड्याखाली तो कधी बसला नाही. "त्याने चूक कबूल करावी, बस," एवढंच मला म्हणायचा. मीही आशेवर राहिले.

आता चांदी इतकी महागली की एवढंसं नाणं पाडणं शहराला परवडेना. आजची चकत्यांची रास संपली की टाकसाळ बंद. फाइट उद्या पहाटे लांब बोहेमियातल्या खाणीवर निघणार होता.

शेवटची चकती ऐरणीवर आली. फाइटने हातोडा उचलला आणि तसाच खाली घेतला.

"ताई, दाजींचा हात हलतोय."

"हलत नाहीये," योब्स्ट थेट त्यालाच म्हणाला. "तेव्हाही हलला नव्हता."

बाकीचे कारागीर वळून बघू लागले. फाइट लालबुंद झाला. ऐरणीला वळसा घालून आला, हातोडा योब्स्टच्या हातात कोंबला आणि स्वतःच्या डाव्या हाताने ठसा धरला.

"मारा दाजी. जिथे मारायचं तिथे मारा."

"अरे, त्यापेक्षा दोन शब्द बोल ना मेल्या!" मी ओरडले.

योब्स्टने हातोडा उचलला. फाइटने डोळे गच्च मिटले, पण हात काढला नाही. योब्स्ट त्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने हातोडा हळूच खाली ठेवला.

"तुझी बोटं घेऊन मी काय करू? माझं चुकलं, एवढं म्हणाला असतास तरी पुरे होतं."

फाइटने तोंड उघडलं. सगळे कारागीर बघत होते. त्याने ते परत मिटलं.

योब्स्ट टोपी घालून बाहेर पडला. मी चूल विझवली. घरी वाटाण्याची आमटी करून ठेवली होती, फाइटला आवडते तशी, डुकराचं मांस घालून. दारातून वळून पाहिलं, तर तो तसाच ठसा धरून उभा होता. माझ्या पाठचा भाऊ तो. तरी जेवायला ये, असं मी म्हणाले नाही.