खाटेखालची केबल

"पुन्हा अडकली," छपाईयंत्रावरचा माणूस म्हणाला आणि त्याने खुर्ची मागे सारली. "ताई, पलीकडच्या खोलीतून नकाशा यायला इतका वेळ? पेनड्राइव्ह घेऊन चालत गेलो असतो तर दोनदा जाऊन आलो असतो."

"जा की मग. पोटही उतरेल थोडं," ती म्हणाली. तोही हसला.

इमारतींचे नकाशे काढणाऱ्या त्या ऑफिसच्या नेटवर्कचं काम तिच्याकडे नुकतंच आलं होतं. आतल्या संगणकांमध्ये फाइल्स झरझर इकडच्या तिकडे होत होत्या; रखडत होती फक्त छपाईच्या खोलीकडची वाट. तिने टोकाची वायर बदलली, सगळे संगणक जोडणाऱ्या स्विचवरची जागा बदलली. ढिम्म फरक नाही. शेवटी केबलला टेस्टर लावल्यावर दुखणं कळलं. केबलच्या आतल्या तारांपैकी एक जोडी मध्येच कुठेतरी तुटली होती, आणि उरलेल्या तारा काम कसंबसं ओढत होत्या.

"ही केबल जाते कुठून?" तिने साहेबांना विचारलं.

"मधल्या अडगळीच्या खोलीतून. तिथे आमचे वॉचमनकाका राहतात. चला, दाखवतो."

साहेबांनी दार लोटलं. मोडक्या खुर्च्या, नकाशांच्या जुन्या गुंडाळ्या, आणि भिंतीला लागून एक लोखंडी खाट. खाटेवर बसून एक म्हातारा माणूस खाकी शर्टाला बटण लावत होता. त्याने मान वर केली.

ते तिचे बाबा होते.

तिचा हात टॉर्चच्या बटणावर तसाच राहिला. बाबा तर दादाकडे होते. आई गेली तेव्हापासून दादाकडेच. दर रविवारी त्यांचा फोन यायचा, मागे गाड्यांचा आवाज असायचा आणि ते म्हणायचे, गॅलरीत बसलोय, मजेत आहे.

"काका, या मॅडम केबल बघायला आल्यात," साहेब म्हणाले.

बाबा उठले. सुई शर्टात खोचून त्यांनी तो बाजूला ठेवला. "या, मॅडम. खाट सरकवू का?"

मॅडम. कुणीतरी कानाखाली ओढावी तसं तिला झालं. बाबांचे डोळे तिला विनवत होते, बोलू नकोस. एवढ्यात साहेबांचा फोन वाजला आणि ते बाहेर गेले.

"बाबा, हे काय आहे?"

"हळू बोल."

"दादाने घालवलं तुम्हाला?"

"नाही गं. त्याची बदली झाली, तिकडचं घर लहान. त्याला म्हटलं, मी धाकटीकडे जातो."

"आणि मला?"

"तुला कळवलंच नाही." बाबा खाटेच्या कडेवर बसले. "तुझ्याकडे सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दोन खोल्यांत मी पथारी कुठे टाकणार होतो?"

आईच्या आजारपणात कुणी किती केलं यावरून बहीणभावांचं बोलणं तुटलं होतं. एका फोनने बाबांचं खोटं उघडं पडलं असतं, आणि तो फोन दोघांपैकी एकानेही केला नव्हता. बाबांची सोय लागलीय असं म्हणून ती निवांत झोपत होती. तिने भिंतीला हात टेकला.

मग काहीतरी करायचं म्हणून ती वाकली. केबल भिंतीकडेने येत होती, आणि खाटेचा पाय नेमका तिच्यावर रुतला होता.

"माझ्याच खाटेखाली चेपली का?" बाबांनी विचारलं.

"हो."

"नोकरी नाही ना जाणार माझी?"

ती तशीच फरशीवर बसली.

साहेब परत आले. "सापडलं?"

"खाटेच्या पायाखाली चेपलीय."

"काका, अहो, जरा बघून तरी ठेवायची खाट."

"साहेब," ती उठत म्हणाली, "हे माझे वडील आहेत."

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा फरशीकडे बघत राहिले.

"बाबा, त्या बाजूने धरा," ती म्हणाली.

दोघांनी मिळून खाट बाजूला घेतली. तिने नवी केबल ओढली, या खेपेला भिंतीवर उंचावरून. बाबा स्टूल धरून उभे राहिले. थोड्या वेळाने पलीकडून छपाईवाल्याचा आवाज आला, "आली की हो, बटण दाबेपर्यंत आली."

"चला घरी," ती सामान आवरत म्हणाली.

"बदलीचा माणूस येईपर्यंत गेट सोडता येत नाही." बाबांनी सुई काढून शर्ट चढवला. "तू जा. उशीर होईल तुला."

ती गेली नाही. हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन ती गेटाजवळच्या कट्ट्यावर बसली आणि तिने दादाला फोन लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. तिने पुन्हा लावला.

तेवढ्यात साहेबांची गाडी निघाली. बाबांनी टोपी सारखी केली, गेटाची दोन्ही दारं उघडली आणि सलाम ठोकला. साहेबांनी काच खाली घेतली, पुन्हा वर केली. गाडी रस्त्याला लागली. बाबा एक दार ओढू लागले.

फोन कानाला तसाच धरून ती उठली आणि तिने दुसरं दार ओढलं.