भिजलेल्या बारुदाचा भाव

मित्रांनो, खांब गावात पुंडलिकांच्या घरी कधी आलात तर माजघरात देव्हाऱ्याच्या वर बघा. दोन खुंट्यांवर एक लांबट, काळपट वस्तू आडवी पडलेली दिसेल, ती मी. काही पाहुण्यांना मी छत्री अडकवायची दांडी वाटते. त्यांना मी दोष देत नाही, कारण गेल्या पावसाळ्यापासून माझ्यावर खरोखरच एक छत्री लटकते आहे. पण मी दांडी नाही. मी ठासणीची बंदूक आहे, आणि सध्या माझा फार गोंधळ उडालेला आहे.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. एका लोहाराने माझी नळी सरळ केली आणि एका सुताराने मला शिसवी दस्ता दिला. पुढे मी रोह्याच्या बाजारात एका दुकानाच्या काचेमागे उभी राहिले. तिथून मला पुंडलिकांचे वडील दाजी यांनी आणलं. दाजींकडे शेतीसंरक्षणाचा परवाना होता. याचा अर्थ असा, की मी रानडुकरांसाठी होते, भाऊबंदांसाठी नव्हे. दाजींना हे अधूनमधून स्वतःला बजावावं लागे, कारण त्यांच्या बांधाला लागूनच त्यांच्या चुलतभावाचं शेत होतं.

भात कापून झालं की डोंगराकडच्या तुकड्यात वाल पेरले जात. वालाला शेंगा धरल्या की डुकरं उतरत. मग दाजी शेतातल्या माळ्यावर बसत आणि माझं तोंड आभाळाकडे करून मला वाजवत. एकदाच. माझा आवाज कुंडलिका नदी ओलांडून पलीकडच्या गावात जाई. लोक म्हणत, "दाजींची खोकली. आता वाल वाचले." मला फार अभिमान वाटे. कोवळ्या शेंगांची मोसमातली पहिली पोपटी लावायची, म्हणजे मडक्यात शेंगा आणि भांबुर्डीचा पाला भरून ते जाळात उलटं ठेवायचं, त्याआधी दाजी एक हिरवी शेंग माझ्या घोड्याला बांधत. आधी राखणदाराचा मान, मग घरच्यांचा. असा आमच्या घरचा रिवाज होता. दाजी गेले, पुंडलिकांनी परवाना स्वतःच्या नावावर करून घेतला आणि रिवाजही चालू ठेवला.

माझं खाणं साधं आहे. बारूद, छर्रे आणि घोड्याखाली बसवायची एक चिमुकली तांब्याची टोपी. तिन्हींतलं एक जरी नसलं तरी मी मुकी. दाजींच्या काळात हे सगळं रोह्यात मिळायचं. मीठ-मिरचीच्या फेरीतच माझाही बाजार व्हायचा. आता त्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यामुळे पुंडलिकांना पेणला हरेशशेठच्या दुकानात जावं लागतं. एकदा माझा घोडा सैल झाला होता म्हणून मीही सोबत गेले, आणि तिथेच माझ्या गोंधळाला सुरुवात झाली.

पुंडलिकांनी टोप्यांचं विचारलं. हरेशशेठने चष्मा पुसला आणि सांगितलं, "टोप्या नाहीत. भाव वाढलाय."

"ज्या नायतच त्यांचा भाव वाढला कसा?"

"नाहीत म्हणूनच वाढला."

"मंग आल्यावर उतरंल?"

"आल्यावर नवा माल. नव्या मालाला नवा भाव."

पुंडलिकांनी जरा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "आनि आत्ता जो सांगताय तो भाव कशाचा हाय?"

"तो नसलेल्या मालाचा," हरेशशेठ म्हणाले आणि माझा घोडा घट्ट करायला घेतला.

 परतीच्या वाटेवर मी विचार करत राहिले. नसलेली वस्तू महाग होते, तर मी जिला काहीच खायला मिळत नाही, ती किती महागडी वस्तू झाले असेन, हे मला त्या दिवशी उमगेना. अजून उमगलेलं नाही.

पुढे टोप्या आल्या. हरेशशेठचा तसा फोनही आला. पण तेव्हा निवडणूक लागली होती आणि परवान्याच्या सगळ्या बंदुकांप्रमाणे मी पोलीस ठाण्यात जमा होते. तिथे माझ्यासारख्या बऱ्याच जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. प्रत्येकीचा मालक ठाण्यात चौकशीला आला की साहेबांना 'माझी बंदूक कधी सुटेल?' असं विचारी आणि बाहेर जाऊन शेजाऱ्याला 'टोप्या कुठे मिळतील?' असं विचारी. बंदूक नसताना टोप्या कशा मागाव्यात या संकोचाने पुंडलिक पेणला गेले नाहीत. मी घरी आले तोवर टोप्या संपल्या होत्या. निवडणुकीत कोण निवडून आलं ते मला माहीत नाही. मी त्यात नव्हते, एवढं नक्की.

अशी दोन वर्षं गेली. दोन्ही वर्षी वाल डुकरांनी खाल्ले. पुंडलिकांचा मुलगा प्रविण डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला जातो. हिशेबी मुलगा आहे, पण मनाचा वाईट नाही. भादव्यात एके दिवशी शिफ्टवरून आल्यावर त्याने वडिलांना समोर बसवलं.

"बाबा, वाल बाजारात मिळतात. बंदुकीचं खाणं बाजारात मिळत नाय. आपला कारभार उरफाटा चाललाय."

मग त्याने करार मांडला. यंदा वाल घरात आले तर ठीक. नाहीतर परवान्यासकट मला सरकारजमा करायचं आणि डोंगराकडचा तुकडा रस्त्याच्या ठेकेदाराला खडी टाकायला द्यायचा. ठेकेदार दोनदा विचारून गेला होता.

"घरात म्हंजे किती?" पुंडलिकांनी विचारलं. "पोपटीपुरते?"

"पोपटीपुरते नाय बाबा. वरीसभर वालाचं बिरडं होईल एवढे."

पुंडलिकांनी वर माझ्याकडे पाहिलं आणि "व्हय" म्हणाले. त्या 'व्हय'मध्ये फारसा दम नव्हता. दाजींनी हाताने दगड वेचून तो तुकडा केला होता. आता त्याच तुकड्यात पुन्हा दगड पडायचे होते.

दसऱ्याच्या आधी मात्र चमत्कार झाला. हरेशशेठकडे बारूद आणि टोप्या एकाच वेळी आल्या, आणि मी घरी होते. पुंडलिक प्रविणच्या मोटारसायकलवर मागे बसून पेणला गेले आणि दोन्ही घेऊन आले. भाव त्यांनी घरात कोणालाही सांगितला नाही. बारुदाचा डबा मात्र चुलीपासून लांब, देव्हाऱ्याजवळ असा जपून ठेवला, की त्यावरून भावाचा अंदाज यावा.

दसऱ्याला आमच्या घरी हत्यारांची पूजा असते. इंदुबाई म्हणजे पुंडलिकांची बायको पूजेला पक्की. विळा, कोयता, मिक्सर, प्रविणची मोटारसायकल, कोणालाही ती वगळत नाही. मला तिने पुसलं, कुंकू लावलं, फूल वाहिलं. मग तिची नजर डब्याकडे गेली. तिने झाकण काढलं, बारुदाला हळदकुंकू वाहिलं आणि तांब्यातलं पाणी फुलाने चांगलं सढळ हाताने शिंपडलं. वर पळीभर पंचामृत सोडलं. सणाचा दिवस, हात आखडता कशाला घ्यायचा?

पुंडलिक दाराला तोरण बांधून आत आले आणि उंबऱ्यावरच बसले.

"अगो, काय केलंस ह्ये?"

"पूजा केली. बंदुकीला हळदकुंकू, नि तिच्या खान्याला नाय? तुमाला उपाशी ठेवून नुसती ओवाळली तर चालंल?"

"अगो, त्याला पानी चालत नाय."

"देवाचं पानी हाय ते."

"देवाचं झालं तरी ओलं हाय गो."

इंदुबाईच्या लक्षात आलं.  त्या दिवशी जेवताना श्रीखंड तिने सगळ्यांना वाढलं, स्वतःच्या पानात घेतलं नाही.

बारूद पत्र्यावर उन्हात वाळवलं. ते वाळलं, पण वड्या पडल्या, आणि वड्यांना हळदीची छटा आली. पुंडलिकांनी आशा सोडली नाही. वाल फुलोऱ्यावर आल्यावर एका संध्याकाळी त्यांनी मला मागच्या परड्यात नेलं आणि ठासलं. टोपी 'टक्' वाजली. पुढे काही नाही. मी सगळा जोर लावला, मित्रांनो, पण पोटात पेटायला काही नव्हतंच. नळीतून थोडा दह्यासारखा वास आला. पुंडलिकांनी बराच वेळ थांबून मला रिकामं केलं, स्वच्छ पुसलं, परत खुंट्यांवर ठेवलं आणि पेणला फोन लावला. बारूद संपलं होतं. भाव वाढला होता.

"टाकून दे ते," एवढंच ते बायकोला म्हणाले.

आता इथे पाहा. इंदुबाई ते टाकायला तयार होईना. पूजा झालेली वस्तू ती, म्हणजे निर्माल्य. निर्माल्य उकिरड्यावर जात नाही. नदीत सोडावं तर तिथे ग्रामपंचायतीची पाटी आहे, आणि तसंही पाण्यानेच हा घोळ झालेला. निर्माल्य आपल्याच शेतात द्यावं, पण पायदळी येता कामा नये. म्हणून तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या केल्या, त्यांत बारुदाच्या पुरचुंड्या बांधल्या आणि डोंगराकडच्या तुकड्याच्या कुंपणाला, खुंटागणिक एक अशा, उंच बांधून आली. शेवटच्या पुरचुंडीला तिने नमस्कारही केला, असं ती नंतर सुनेला सांगत होती.

मग दव पडू लागलं, शेंगा भरल्या. एका सकाळी अंगणात प्रविणचा आवाज आला. मी खुंटीवरून ऐकलं ते सांगते.

"बाबा, रात्री डुकरं आलेली."

पुंडलिकांनी कप खाली ठेवल्याचा आवाज झाला. "गेलं मंग."

"गेलं नाय. खुरं कुंपणापर्यंत हायत. तिथं माती उकरलीय, नि तिथनंच मागं फिरलीत. येक पन आत नाय."

दोघं शेतावर गेले. परत आले तेव्हा पुंडलिकांच्या हातात एक दवाने भिजलेली पुरचुंडी होती. ती त्यांनी नाकाला लावली. मग माझ्याजवळ येऊन माझ्या नळीचं तोंड हुंगलं. मग पुन्हा पुरचुंडी.

"ह्यो हिचाच वास हाय," ते म्हणाले. "दाजी वाजवायचे तवा रानभर ह्योच वास राहायचा."

प्रविण हसला. "म्हंजे येवढी वर्सं डुकरं वासाला भ्यायची?"

  ज्या आवाजावर मी आयुष्यभर ताठ पडून राहिले, तो डुकरांनी कधी मनावर घेतला होता की नाही, हे आता कोणाला विचारणार? डुकरं आमच्याकडे येत नाहीत.

इंदुबाई मात्र कसल्याच विचारात पडली नाही. वास उतरला की ती जाऊन उरलेल्या बारुदाची नवी पुरचुंडी बांधून येई. वाल घरात आले. वर्षभराच्या बिरड्याला पुरतील एवढे आले, आणि वर व्याह्यांकडे पाठवायलाही उरले. प्रविणने शब्द पाळला. ठेकेदाराला त्यानेच नाही म्हणून सांगितलं.

पहिल्या पोपटीच्या दिवशी पुंडलिक एक हिरवी शेंग घेऊन माजघरात आले. माझ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी इंदुबाईला हाक मारली आणि शेंग तिच्या हातात दिली. तिने ती सरळ माझ्या घोड्याला बांधून टाकली. "तिचाच वास होता ना?" म्हणाली. यंदा मी एक शब्दही बोललेले नव्हते. आधीची दोन वर्षं खुंटीवर पडून होते, तेव्हा बोल लागला. यंदाही खुंटीवरच पडून होते, तर मान मिळाला. मी शेंग ठेवून घेतली. गोंधळात असताना नाही म्हणू नये.

परवा हरेशशेठचा फोन आला. बारूद आलं होतं, भाव अर्थातच नवा होता. पुंडलिकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"शेठ," ते म्हणाले, "भिजलेलं हाय का?"

 "भिजलेलं कशाला ठेवीन मी?"

"असलं तर सांगा. भिजलेल्याचा भाव काय लावाल?"

इतक्या वर्षांत हरेशशेठला भाव सांगता आला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. ते म्हणाले, विचारून कळवतो. अजून कळवलेलं नाही.

तर मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची निगा राखा. आम्हाला वेळेवर पुसा, तेल द्या, कोरड्या जागी ठेवा. पूजा जरूर करा, पाणी जरा बेतानं शिंपडा. आणि आमच्यावर छत्री टांगण्याआधी घरातल्यांना एकदा विचारा, की ही वस्तू आपल्याकडे नेमकी कशासाठी आहे. कोणी सांगितलं, तर कृपा करून मलाही सांगा.