सातव्या खुर्चीखालचा स्क्रू

साठाव्या वाढदिवसाला तुम्हाला काय हवं, असं कुणी सुताराला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, घरचं जेवण आणि लवकर झोप. पण मुलीने विचारलंच नाही. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी ती, दहा वेळा खात्री केल्याशिवाय एक पाऊल टाकत नाही. नेमकं याच वेळी तिने सगळं परस्पर ठरवलं आणि आदल्या दिवशी फोन केला.

"बाबा, ते जपानी हॉटेल! तुम्ही काउंटर केलंत ना, तेच. नऊ वर्षांत एकदा तरी जेवायला गेलात का? सातच खुर्च्या आहेत, महिनाभर आधी सांगावं लागतं. भिंतीकडच्या शेवटच्या दोन मिळाल्यात. तुम्ही आणि आई जा."

भिंतीकडच्या म्हटल्याबरोबर सुताराने फोन या कानावरून त्या कानाला लावला.

त्याचं असं झालं होतं. ते काउंटर म्हणजे चौदा फूट लांब आणि दोन फूट रुंद अशी देवदाराची एकच फळी. फिकट रंगाची, सरळ रेषांची, हात फिरवला तर कागदासारखी लागणारी. आयुष्यात अशी फळी एकदाच हाती लागते. आता लाकूड कितीही वाळवा, ते हवेतलं पाणी प्यायचं सोडत नाही. दमट दिवसांत फळी रुंदीला फुगते, कोरड्या दिवसांत आक्रसते. पाव इंचाचा फरक सहज पडतो. म्हणून खालच्या लोखंडी पट्टीला एका बाजूला गोल भोक पाडायचं आणि दुसऱ्या बाजूला लांबट, म्हणजे स्क्रूला सरकायला जागा राहते. हे सुताराला झोपेतसुद्धा ठाऊक होतं. फळीखाली आडव्या पाच पट्ट्या होत्या. चार त्याने तशाच बसवल्या. पाचवी, भिंतीकडची, बसवताना संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडणार होतं, आणि त्याने घाईघाईत दोन्ही भोकं गोल पाडली. ध्यानात आलं ते घरी, अंथरुणावर पडल्यावर.

सकाळी जाऊन सांगायला हवं होतं. गेलाही. पण दारात फुलं, आत पाहुणे, मालक नव्या कोऱ्या पांढऱ्या कपड्यात. अशा वेळी काय सांगणार, बाबा रे, तुझी फळी एका टोकाला मी जखडून ठेवलीय, ती आज ना उद्या तडकेल? भीड पडली. मग आठवडा गेला, महिना गेला, आणि उशीर जितका वाढला तितकी ती गोष्ट सांगायला जड झाली. पुढे पुढे तर त्या रस्त्याने जायचं झालं की सुतार समोरच्या फुटपाथवरून जाई.

बायकोला यातलं काहीही माहीत नव्हतं. म्हणून संध्याकाळी निघताना सुताराने कोटाच्या आतल्या खिशात मुठीत मावेल असा आखूड स्क्रूड्रायव्हर टाकला, तेव्हा तो पाठमोरा उभा राहिला होता. पाचव्या पट्टीचा पुढच्या बाजूचा एक स्क्रू. तेवढा काढला की फळी मोकळी. खुर्चीवर बसल्या बसल्या, गुडघ्यापाशी हात घालून, कुणाला पत्ता न लागता.

सात वाजता ते आत शिरले. खोली जेमतेम रेल्वेच्या डब्याएवढी. भिंती मातीच्या रंगाच्या, एकही चित्र नाही. पाच खुर्च्या भरलेल्या. काउंटरपलीकडे मालक स्वतःच उभा, कारण इथे मालक, आचारी आणि वाढपी सगळं तोच. पंधरा वर्षं जपानात राहून शिकून आलेला.

"या, या! सुतारदादा!" तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात की काय."

"नाही हो," सुतार म्हणाला. "वेळच मिळत नाही."

"वेळ कसला मिळत नाही?" बायको म्हणाली. "रविवारी दिवसभर पंखा पुसत बसतात."

सुतार सातव्या खुर्चीवर बसला आणि त्याची नजर पहिल्यांदा कुठे गेली असेल? फळीच्या टोकाला, भिंतीला लागून, एक बुटकी मातीची फुलदाणी ठेवली होती. तिच्यात एकच पान. अख्ख्या काउंटरवर दुसरं काही नव्हतं. सगळीकडे मोकळं लाकूड आणि नेमकी इथे फुलदाणी! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. याला कळलंय, सुताराच्या मनात आलं. झाकून ठेवलंय.

पहिल्यांदा झाकणाची वाटी आली. आत अंड्याचं वाफवलेलं मऊ काहीतरी, चमचा लावला की थरथरणारं. तळाशी एक मशरूम.

"अहो, हे गिळायचं की चावायचं?" बायकोने कुजबुजत विचारलं.

"तोंडात ठेव. ते आपलं आपण ठरवेल."

तिने ठेवलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ काही बोलली नाही. तिचं लग्न झाल्यापासून असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच आले होते.

सुताराचा डावा हात चमच्यावर होता. उजवा केव्हाच फळीखाली गेला होता. बोटांनी चाचपत त्याने पाचवी पट्टी गाठली, आणि पट्टीच्या पलीकडे, टोकाकडे, बोटाला लागली ती फट. रेषेसारखी बारीक, पण नख शिरेल एवढी. नऊ वर्षं जिची भीती बाळगली ती प्रत्यक्ष हाताला लागली, तेव्हा त्याला गंमत म्हणजे थोडं हलकंच वाटलं. चला, निदान आहे कुठे ते तरी कळलं.

मासे येऊ लागले. मालक बोटांत भात घ्यायचा, दोन-तीन हालचालींत तो जुळायचा, वर माशाचा काप बसायचा आणि तो घास समोर यायचा. एका वेळी एकच. भात कोमट, मासा गार. माखुळाच्या, म्हणजे स्क्विडच्या, कापावर सुरीने इतक्या जवळ जवळ रेघा ओढल्या होत्या की सुताराने हात तिथेच थांबवून त्या मोजायचा प्रयत्न केला. अठरापर्यंत पोचला. धार कशी लावत असेल हा माणूस?

"तुम्ही डाव्या हाताने का खाताय?" बायको म्हणाली.

"उजवा खांदा धरलाय."

"सकाळी कपाट उचलताना नव्हता धरला तो?"

"आता धरला."

स्क्रू घट्ट होता. पहिला आटा सुटायला तीन घास लागले. मग दुसरा, मग तिसरा. सूपाच्या वाटीमागे तोंड लपवून त्याने चौथा फिरवला. आणखी आठ-दहा फेऱ्या, की झालं. कपाळावर घाम आला होता, पण सूप गरम होतं, कुणालाही तो त्याचाच वाटला असता.

तेवढ्यात मालकाने शेगडीवर काळसर हिरव्या शेवाळाचा कागदासारखा पापुद्रा धरला, त्यात भात आणि मासा ठेवला, गुंडाळी केली आणि ती ताटलीत न ठेवता सरळ सुतारापुढे धरली. हातातून हातात.

"हे लगेच खायचं," तो म्हणाला. "नोरी अर्ध्या मिनिटात मऊ पडते."

सुताराच्या डाव्या हातात सूपाची वाटी. उजव्यात स्क्रूड्रायव्हर. मालकाचा हात पुढेच. बायको बघतेय. शेजारच्या पाचव्या खुर्चीवरच्या बाईसुद्धा बघतायत. सुताराने वाटी खाली ठेवायला हात हलवला, वाटी डचमळली, ती सावरायला उजवा हात आपोआप वर आला, आणि स्क्रूड्रायव्हर लख्ख प्रकाशात सगळ्यांसमोर आला.

गुंडाळी मालकाच्या हातातच राहिली. नोरी मऊ पडत गेली.

"अहो," बायको शेवटी म्हणाली, "लोक जेवायला जाताना हातरुमाल नेतात."

मग सुताराने सांगून टाकलं. दोन गोल भोकं, घाई, दारातली फुलं, समोरचा फुटपाथ. नऊ वर्षांचं ओझं सांगायला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. "फळी तडकलीय," तो म्हणाला. "चूक माझी. हा स्क्रू काढला की आणखी तडकणार नाही. काढतो आणि जातो."

मालकाने गुंडाळी खाली ठेवली. "किती काढलात?"

"चार आटे."

"मग परत लावा! चारच्या चार!"

त्याने फुलदाणी उचलून बाजूला ठेवली. तिच्याखाली, टोकापासून वीतभर आत, केसाएवढी काळी रेघ होती. मालकाने तिच्यावर अंगठ्याचं नख टेकवलं. नख आत गेलं, अर्ध्यापर्यंत.

"रोज सकाळी आल्यावर मी आधी हे करतो," तो म्हणाला. "नख आत गेलं, म्हणजे हवा कोरडी. तांदूळ जास्त वेळ भिजवायचा, भातावर ओलं फडकं झाकायचं. नख नुसतं वर घसरलं, म्हणजे दमट. पाणी कमी, आणि नोरी दोनदा शेकायची. स्क्रू काढलात तर फळी सगळीकडून सारखी हलेल आणि फट गप्प बसेल. मग मी कुणाला विचारू?"

"पण त्याला यंत्र मिळतं ना?" बायकोने विचारलं. मुलीच्या प्रयोगशाळेत तिने पाहिलं होतं.

"आहे की, मागे टांगलंय. पण ताई, यंत्र आत्ताची हवा सांगतं. लाकूड आठवडाभराची सांगतं. आणि माझं तांदळाचं पोतंही आठवडाभर याच हवेत बसलेलं असतं."

सुताराने फळीची कड चिमटीत धरून पाहिली. बरोबर होतं ते. दोन इंच जाडीच्या फळीला हवा ओळखायला दिवस लागतात. हे त्याला माहीत होतं, फक्त ते कुणाच्या उपयोगी पडेल असं कधी सुचलं नव्हतं.

"पण वाढत गेली तर? एक दिवस फळी दोन होईल," तो म्हणाला.

"खाली बघा."

मालकाने बॅटरी दिली. साठ वर्षांचा सुतार वाढदिवसाच्या कोटासकट गुडघ्यांवर बसून काउंटरखाली शिरला. शेजारच्या बाईंनी न बोलता पाय वर घेतले. फटीच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक खुणा होत्या, प्रत्येकीपुढे वर्षाचा आकडा. पहिल्या वर्षी दोन बोटं, दुसऱ्या वर्षी आणखी दोन, तिसऱ्या वर्षी वीतभर. तिथे फळीत एक गाठ होती, बोराच्या बीएवढी. पुढचे सगळे आकडे त्या गाठीपाशीच, एकावर एक, दाटीवाटीने लिहिलेले होते. सहा वर्षांत फट केसभरही पुढे सरकली नव्हती.

त्याने गाठीवरून अंगठा फिरवला. ती त्याला आठवली. रंधा मारताना इथे पातं अडलं होतं, आणि ही बाजू खाली जाईल असं त्यानेच ठरवलं होतं.

"काय हो, झोपलात का तिथे?" वरून बायकोचा आवाज आला.

"स्क्रूड्रायव्हर दे."

तिने दिला. एक, दोन, तीन, चार. चौथ्या फेरीला स्क्रू जिथे होता तिथे जाऊन घट्ट बसला. सुतार बाहेर आला, गुडघे झटकले, मालकाने दिलेल्या गरम ओल्या रुमालाला दोन्ही हात पुसले आणि खुर्चीवर नीट, मागे टेकून बसला. आल्यापासून पहिल्यांदाच.

मालकाने मऊ पडलेली गुंडाळी स्वतः खाऊन टाकली आणि दुसरी करायला घेतली. पापुद्रा निखाऱ्यावर धरताना तो थांबला.

"सुतारदादा, एकदा बघून सांगा. आज तुम्हीच सांगा."

सुताराने फटीवर नख टेकवलं. अर्ध्यापर्यंत गेलं आणि तिथे अडलं.

"कोरडी आहे," तो म्हणाला. "पण अगदी कडकडीत नाही."

मालकाने मान डोलावली, भातावरचं फडकं सारखं केलं आणि गुंडाळी पुढे धरली. या वेळी सुताराचे दोन्ही हात मोकळे होते. त्याने ती उजव्या हातात घेतली आणि दातांखाली नोरी मोडली तसा कर्र असा आवाज झाला, पाचव्या खुर्चीपर्यंत ऐकू गेला.

"खांदा सुटला वाटतं," बायको म्हणाली, आणि स्वतःच्या गुंडाळीसाठी हात पुढे केला.